बार्नमधलं लग्न आणि पैठणीला चिकटणारा पेंढा

प्रश्न: ताई, माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिचं लग्न ऑक्टोबरच्या मध्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन व्हॅलीतल्या एका जुन्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या लाकडी कोठारात, ठरलंय. जावई अमेरिकन, दोघांना रस्टिक थीम हवीये, म्हणजे गोणपाटाचे टेबल रनर, काचेच्या बरण्या, भोपळे वगैरे. फोटो बघून आमच्या ह्यांनी "गोठ्यात लग्न लावणार का?" असं विचारलं. आपले विधी दुपारी, त्यांचं रिसेप्शन संध्याकाळी. थीम न बिघडवता लग्न आपलं कसं वाटेल, आणि इथून काय न्यावं? – एक वधूमाय, कोथरूड

उत्तर: ह्यांना सांगा, गुरं कधीच गेली, आता तिथलं भाडं ऐकलं तर ते हॉलच बरा म्हणतील! पण एक चांगलंय, अशा जागेत निम्मी सजावट आधीच झालेली असते. जुन्या लाकडाचे वासे, उंच छप्पर, बाहेर ऑक्टोबरच्या मध्याला मेपलची झाडं लाल-केशरी झालेली (हडसन व्हॅलीत रंग साधारण मध्य ते अखेर ऑक्टोबरात भरात असतो, डोंगरात थोडा आधी). ते सगळं सॅटिनच्या पडद्यांनी झाकू नका एवढंच माझं म्हणणं, डेकोरेटर झाकायला बघतात कारण त्यांना तेवढंच येतं.

पैसे आणि डोकं दोन गोष्टींवर घाला, उजेड आणि ऊब. जुनं काळपट लाकूड उजेड अक्षरशः गिळतं, आणि त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे वाशांवरून पिवळसर उजेडाच्या माळा हव्यात, खोक्यावर २७०० केल्विन (उजेड किती पिवळा ते सांगणारा आकडा) लिहिलेल्या घ्या, त्यात पांढरे दिवे मिसळले की फोटोत सगळ्यांचे चेहरे निळसर येतात. आणि आधीच विचारून ठेवा की केटररची कॉफीची मशीन आणि दिवे एकाच सर्किटवर तर नाहीत ना, नाहीतर ऐन पंगतीत अंधार. थंडीचं म्हणाल तर रात्री पारा सहज ५-६ अंशांवर येतो आणि बऱ्याच बार्नना हीटिंग नसतं, तेव्हा दाराशी टोपलीत शाली ठेवा, आज्यांना आवडतील आणि दिसतीलही छान.

आता मुख्य गोष्ट, होम. लाकडी बार्नमध्ये होम जवळजवळ कुणीच करू देत नाही, आणि बरोबरच आहे. विधी बाहेर गवतावर नाहीतर खडी टाकलेल्या जागेवर करा, व्हेन्यूकडून आणि तिथल्या फायर मार्शलकडून (आगीच्या सुरक्षिततेचा सरकारी अधिकारी) परवानगी आत्ताच लेखी घ्या. बाहेरचा मांडव चार जाड ओंडक्यांचा पुरे, त्यावर झेंडू. पण झेंडू आणि डेलियाला पहिलं गोठलेलं दहिवर पडलं की संपलंच, आणि तिकडे ते ऑक्टोबरात कधीही पडू शकतं, म्हणून सगळी भिस्त त्यावर नको. शेवंती मात्र टिकते, आणि तिकडे रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या स्टॉलवर कुंडीच्या कुंड्या मिळतात. पायऱ्यांवर भोपळे आणि मधे शेवंती, एवढंच करा, सुंदर दिसतं. भोपळे कोरू मात्र नका, कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत नरम पडायला लागतो.

बसायला पेंढ्याचे गठ्ठे ठेवायचे म्हणतील. फोटोपुरते दोन ठेवा, बाकी खुर्च्या. मी एका लग्नात एका काकूंची जांभळी पैठणी पाहिलीये, पदराच्या जरीत काड्या अडकलेल्या आणि दोन भाच्या चिमटीने एकेक काडी काढतायत, सप्तपदी कुणी पाहिलीच नाही. गठ्ठ्यांवर जाड गोधडी टाकली तर चालतं. हो, गोधड्या न्याच! आपली हाताने शिवलेली गोधडी तिथल्या थीममध्ये इतकी चपखल बसते की जावयाची आई मागून घेईल.

इथून न्यायचं ते म्हणजे अंतरपाट, मुंडावळ्या, हिरवा चुडा, दोन पाट, सुपं (सुपं गिफ्ट टेबलवर पण शोभतात), पितळी समई. समईत आत एलईडीची वात लावा, कारण मेणबत्त्याही बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. ताजी आंब्याची पानं मात्र सामानात नेऊ नका, एअरपोर्टवर काढून घेतील, त्याऐवजी कापडी तोरण. अक्षता टाकू देतात का तेही विचारा, लाकडी फरशीवर तांदूळ म्हणजे घसरगुंडी, बाहेर गवतावर टाका.

रंगांचं टेन्शन घेऊ नका. नवरीची पिवळी अष्टपुत्री लाल पानांसमोर जशी उठून दिसते तशी हॉलमध्ये कधीच दिसत नाही. बाकीच्यांनी मरून, राई, गेरू असे रंग नेसा, बेबी पिंक घरी ठेवा.

आणि चातुर्मासाचं कुणीतरी काढणारच, तर पंचांगात गौण काळातले मुहूर्त असतात, गुरुजींशी बोलून घ्या. त्यातल्या त्यात पितृपक्ष टाळलात की पुरे.

प्रश्न: पुतण्याचं असंच बार्नमधलं लग्न कॅनडात ओंटारिओला आहे, सप्टेंबर अखेर. पायात काय घालायचं? – एक आत्या, नाशिक

उत्तर: आत्या, टोकदार टाचा अजिबात नको, ओल्या गवतात रुततात आणि जुन्या फळ्यांच्या फटीत अडकतात. सपाट मोजडी घाला, कोल्हापुरी पण चालेल पण पाऊस आला तर कातडं भिजतं, म्हणून पर्समध्ये एक जोड जास्तीचा ठेवा. मोजे त्वचेच्या रंगाचे घ्या, साडीखाली कळत नाहीत. आणि पुतण्याला सांगा की गाडी उभी करायची जागा ते मांडव ह्या वाटेवर फळ्या टाकून घे, चिखल झाला की वरातीतले सगळे त्याच्याच नावाने बोंबलतील.