आठच्या बातम्यांना सोबत

"साठीनंतर सोबत शोधायची आणि फिरायला मात्र एकटीनंच जायचं, हे काय गौडबंगाल?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकू येतो. कधी मुलगी आईबद्दल विचारते, कधी ती आईच जरा शरमून स्वतःबद्दल विचारते. हल्ली त्याला एक शेपूटही असतं: "माणूस तसा बरा आहे हो, पण बातम्यांवरून खटके उडतात. या वयात जुळवून घ्यायचं की सोडून द्यायचं?"

मी जर्मनीत, लाइपझिगला समुपदेशन करते. येणारे बहुतेक जुन्या पूर्व जर्मनीतले, साठीच्या आगेमागे. फ्राउ (म्हणजे श्रीमती) क. त्यांतल्याच. (नोंदवहीत आम्ही आडनावाचं पहिलं अक्षरच लिहितो. इथं तेही बदललंय आणि ओळख पटेल असे बारकावेही. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मराठीत ना? मग लिहा बिनधास्त.")

त्यांचा जन्म १९६२चा. नोकरी वाचनालयात, आता निवृत्त. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून फोन काढला, मग युरोपातल्या रेल्वेचा घडीचा नकाशा काढला आणि दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "मुलगी म्हणते, यातलं एक काहीतरी ठरव. फोनवर माणूस शोधतेस, तर नकाशा कपाटात ठेव."

नकाशा घड्यांवर झिजला होता आणि लाइपझिगपासून इटलीतल्या ट्रिएस्टपर्यंत पेन्सिलची रेघ होती. खोडून पुन्हा ओढलेली.

या रेघेमागची गोष्ट आधी सांगायला हवी. १९७२ साली पश्चिम युरोपात इंटररेलचा पास निघाला. सुरुवातीला एकवीस वर्षांखालच्यांसाठी होता, महिनाभर देशोदेशी फिरा. फ्राउ क. तेव्हा दहा वर्षांच्या आणि बर्लिनच्या भिंतीच्या अलीकडे, पूर्व जर्मनीत. त्यांच्या आजीला मात्र पश्चिमेला जाता यायचं, कारण १९६४पासून पेन्शनरांना तिकडच्या नातेवाइकांकडे जायची मुभा होती. बायकांना साठीला, पुरुषांना पासष्टीला. म्हातारी माणसं परत आली नाहीत तरी सरकारचं काही बिघडत नव्हतं, पेन्शन वाचली असती! आजी वर्षातून एकदा हॅनोवरला जायची, कॉफी घेऊन यायची. "आमच्याकडे मुली साठीची वाट बघायच्या," फ्राउ क. म्हणाल्या. "मी सत्ताविसाची असताना भिंत पडली. मग नोकरी, मुलीची शाळा, सासूचं आजारपण. साठी आली ती शेवटी आपल्या पायांनीच." इंटररेलची वयाची अट १९९८लाच गेली आणि आता साठीपुढच्यांना पासावर सवलत आहे, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू सरकारनं त्यांची क्षमा मागितली होती.

आता माझी चूक. मी मिरजेची. आमच्याकडे एकट्या बायका महिला-विशेष सहलीला जातात. सोबत सगळ्या ओळखीच्या, जेवणाची चिंता नाही, रात्री खोलीत बोलायला कोणीतरी. माझी मावशी काका गेल्यावर अशीच राजस्थान करून आली आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेच डोक्यात ठेवून मी विचारलं, "पहिल्या खेपेला एखाद्या ग्रुपबरोबर का नाही जात?"

फ्राउ क. यांनी चष्मा काढला. "ग्रुपबरोबर? कामगार संघटना ठरवेल त्या गावी, ठरवेल त्या आठवड्यात, ठरवेल त्या टेबलावर बसून मी अर्धं आयुष्य सुट्ट्या घालवल्यात."

मी गप्प बसले. समुपदेशकाची काळजी बरेचदा त्याच्या माहेरची असते, हे मला शिकवलेलं होतं. विसरले होते.

फोनकडे वळलो. पन्नाशीपुढच्यांसाठीच्या एका ॲपवर त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं: 'शांत, समजूतदार, निसर्गप्रेमी.' उत्तरं ढीगभर. त्यांत समुद्रातल्या तेलविहिरीवरचा एक इंजिनियरही होता, देखणा, विधुर, व्हिडिओ कॉलला कायम रेंज नसलेला. या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. चेहरा दाखवत नाही आणि पैशाचा विषय काढतो, तो माणूस नव्हे, धंदा आहे. फ्राउ क. यांनी ते माझ्याकडे यायच्या आधीच ओळखलं होतं. बाकीचे खरे होते, पण पहिल्याच ओळीत एकेरीवर येणारे. "पासष्ट वर्षांचा अनोळखी पुरुष 'डू' म्हणतो," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला आमच्या गल्लीतले आजोबा आठवले, 'अरे-तुरे' ऐकून काठी आपटणारे.

"तुम्ही शांत आहात?" मी विचारलं.

"मुळीच नाही."

मग मी एक प्रश्न विचारला, जो जोडीदार गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला विचारते: दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते? लोक म्हणतात रात्र, रविवार दुपार, नाताळ. त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "सव्वाआठ."

आठ वाजता जर्मनीत 'टागेसशाउ' लागतं. १९५२पासून चालत आलेल्या पंधरा मिनिटांच्या बातम्या. पूर्वेकडच्या घरांत साडेसातला सरकारी बातम्या लावायच्या आणि आठला आवाज बारीक करून पश्चिमेच्या. शाळेत बाई मुलांना सहज विचारायच्या, तुमच्या टीव्हीवरच्या घड्याळाला ठिपके असतात की रेघा? म्हणजे घरी कुठलं केंद्र लागतं ते कळायचं. हा किस्सा त्या पिढीतला जो तो सांगतो. फ्राउ क. यांचं लग्न अशा टीव्हीसमोर चाळीस वर्षांच्या आसपास टिकलं आणि सव्वाआठला बातम्या संपल्या की दोघांचं भांडण सुरू व्हायचं. आता सव्वाआठला त्या टीव्ही बंद करतात आणि खोलीत फक्त फ्रिजचा आवाज उरतो.

प्रोफाइल आम्ही तिथंच बसून बदललं. 'आठच्या बातम्या बघते आणि मग वाद घालते. वर्षातून एकदा एकटी प्रवासाला जाते, त्यावर चर्चा नाही. लग्न करायचं नाही.' लग्नाचं वाक्य कोरडं वाटेल, पण इथं विधवेनं पुन्हा लग्न केलं की नवऱ्यामागे मिळणारी पेन्शन बंद होते, दोन वर्षांइतकी रक्कम एकदम हातावर ठेवतात आणि विषय मिटतो. त्यामुळे साठीपुढची कितीतरी जोडपी दोन घरं, दोन किल्ल्या ठेवून सुखानं असतात. कुणी नावं ठेवत नाही.

उत्तरं ढीगभरावरून तीनवर आली. तिसरे ड्रेस्डेनचे गृहस्थ, १९५९चा जन्म, माजी विद्युत तंत्रज्ञ. ड्रेस्डेनकडे तेव्हा पश्चिमेचं प्रक्षेपण पोचत नसे, म्हणून त्या भागाला 'अजाणांचं खोरं' म्हणत. फ्राउ क. यांनी पहिल्या कॉफीलाच यावरून त्यांची टर उडवली. ते हसले. दुसऱ्या कॉफीला मत कुणाला दिलंत हेही विचारून झालं. इथं तो प्रश्न टाळता येत नाही. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत आमच्या सॅक्सनी राज्यात दर तीन मतांमागे एकाहून जास्त मत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला गेलं, त्यामुळे समोरच्याच्या कपात साखर किती याआधी ते माहीत करून घ्यायचं असतं. तिथं दोघांचं जमलं.

बिनसलं दुसरीकडेच. २०२५च्या ऑगस्टअखेर मंत्रिमंडळानं लष्करी सेवेच्या नव्या कायद्याचा मसुदा मंजूर केला. सेवा ऐच्छिक, पण २००८पासून पुढे जन्मलेल्या मुलग्यांना प्रश्नावली भरणं सक्तीचं. फ्राउ क. यांचा नातू २००८चा. आणि हे गृहस्थ सव्वाआठला फोनवर म्हणाले, "मी अठरा महिने केले. माझं काही बिघडलं नाही."

त्या आठवड्यात फ्राउ क. माझ्याकडे आल्या त्या धुमसतच. "ब्लॉक करते. सांगा, करू ना?"

जुळवून घ्या असं मी सरसकट सांगत नाही. माझ्याकडे एक बाई येत, त्यांचा जावई सीरियातला. ओळख झालेला माणूस त्या जावयाबद्दल जे बोलला ते ऐकून मी म्हटलं होतं, कॉफीचे पैसे द्या आणि निघा. तिथं मतभेद नव्हता, तिथं घरातल्या माणसाला माणूस मानायला नकार होता. इथं तसं होतं का, हे मला कळत नव्हतं. म्हणून विचारलं, "नवऱ्याशी सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं होतं?"

"कोसोवो," त्या म्हणाल्या. १९९९. तिथले अत्याचार थांबवायला नाटोनं युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले केले, त्यांत जर्मन लढाऊ विमानं दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच युद्धात उतरली. नवरा तरुणपणी 'बाउझोल्डाट' होता. शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्यांना पूर्व जर्मनीत बांधकामाच्या तुकडीत घालत, त्यांच्या खांद्यावरच्या पट्टीवर फावड्याचं चिन्ह असे. तो अर्थातच विरोधात. आणि त्या?

"मी म्हणत होते, पाठवा विमानं. लोकांना मारतायत तिकडे, बघत बसायचं का?" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो."

"तेव्हा त्यांना ब्लॉक करावंसं वाटलं होतं?"

"तेव्हा ब्लॉक नव्हतं," त्या म्हणाल्या आणि हसू दाबलं.

मी एवढंच सुचवलं की मत काय आहे यावर भांडण्याऐवजी ते कुठून आलं हे विचारून बघा. आणि ऐकताना लक्ष ठेवा: तुमचं वाक्य पुरं होऊ देतात का, दुसऱ्या दिवशी तोच विषय निघाला तर तीच रेकॉर्ड लागते की रात्रभरात काही हललेलं असतं. मला स्वतःला या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं. पहिली शिष्टाचारानंही साधते.

ऑक्टोबरात त्या निघाल्या. त्याच सुमारास म्युनिकच्या विमानतळावर ड्रोन दिसले म्हणून रात्री उड्डाणं थांबली होती. मुलीनं बातमी पाठवली, खाली तीन उद्गारचिन्हं. "मी रेल्वेनं जातेय," एवढंच उत्तर. गृहस्थांनी सोबत येऊ का म्हणून विचारलं. नाही म्हणाल्या. प्रोफाइलमध्ये लिहिलेलं होतंच.

ट्रिएस्टहून आल्यावर त्यांनी मला आधी कॉफीचं सांगितलं. तिथं काचेच्या छोट्या पेल्यात फेसाळ दूध घातलेली कॉफी हवी तर 'कापो इन बी' म्हणायचं. चौथ्या दिवशी ते न अडखळता म्हणता आलं आणि काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता पेला पुढे सरकवला, म्हणजे गाववाली समजला. मग समुद्रात शिरलेला तो लांब दगडी धक्का, त्याच्या टोकापर्यंत त्या रोज चालत जायच्या. तिसऱ्या दिवशी बोरा सुटला, तिथला कुप्रसिद्ध वारा, तेव्हा निम्म्यातून परतल्या, दिव्याच्या खांबाला धरत. "कोणी 'बघ, मी सांगितलं होतं' म्हणायला नव्हतं. काय सुख!"

त्याच रात्री सव्वाआठला गृहस्थांचा फोन आला. हॉटेलच्या खोलीत टीव्ही चालू, आवाज बंद. फ्राउ क. यांनी विचारलं, "ते अठरा महिने कसे होते?" तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग गृहस्थ बोलू लागले. डिसेंबर १९८०. तुकडी सज्ज ठेवलेली. बूट घालूनच झोपायचं, गाड्यांत इंधन भरलेलं, कुठं जायचंय ते कोणी सांगत नाही. घरी पत्र बंद. पुढे कळलं की पोलंडमध्ये शिरायची तयारी होती. त्यांच्या आईचं माहेर तिकडचं, सीमेपलीकडच्या गावात मामेभाऊ राहत होता. शिरायची वेळ आली नाही. "आणि काही बिघडलं नाही," असं ते पुन्हा म्हणाले, पण आवाज वेगळा होता. हे त्यांनी पहिल्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"समोरासमोर असते तर सांगितलं असतं का?" फ्राउ क. यांनी मला विचारलं. मला तरी वाटतं, नसतं सांगितलं.

डिसेंबरात कायदा मंजूर झाला, जानेवारीपासून लागू. नातू यंदा अठराचा होईल, प्रश्नावली येईल. गृहस्थांचं मत अजून तेच आहे, यांचंही. परवा त्या आल्या तेव्हा नकाशा पुन्हा टेबलावर होता. नवी रेघ लिस्बनपर्यंत गेलेली आणि म्युनिकच्या ठिपक्याभोवती गोल.

"या वेळी येऊ का म्हणून परत विचारलं त्यांनी," त्या म्हणाल्या.

"मग?"

"म्युनिकपर्यंत या म्हटलं. स्टेशनवर जेवू, आठच्या बातम्या फोनवर बघू, भांडू. मग त्यांनी ड्रेस्डेनची गाडी पकडायची."