‘अपंग’, डोळ्याचा कोपरा आणि बारा पण

वेंगुर्ल्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘अपंग’ हा शब्द अपमानकारक आहे काय, आणि गावच्या जत्रेच्या सूचनाफलकावर त्याऐवजी ‘दिव्यांग’ असेच लिहिले पाहिजे काय.

फलकापुरते उत्तर थोडक्यात देतो. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवला, पुढे तो सरकारी कागदोपत्री रुळला आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. तेव्हा सरकारी परिभाषेशी जुळवून घ्यायचे असेल, तर ‘दिव्यांग व्यक्ती’ असे लिहावे. या ‘दिव्य’पणाला अपंगांच्या अनेक संघटनांनी जाहीर विरोध केला होता आणि तो मला रास्त वाटतो, कारण देवळाला उतार बांधण्याचे काम विशेषणाने भागत नाही.

आता ‘अपंग’. तो ‘पंगू’पासून आला असे बिनदिक्कत सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझा सरळ प्रश्न आहे: ‘पंगू’च्या आधी ‘अ’ लावला, तर जो पंगू नाही तो, असा उलटाच अर्थ व्हायला हवा, तो कुठे गेला? शब्दाचे मूळ संस्कृत ‘अपाङ्ग’ हेच आहे आणि ‘पंगू’च्या सहवासाने ‘पां’चा ‘पं’ झाला असावा, एवढाच त्याचा संबंध मी मान्य करतो. ‘अपाङ्ग’ म्हणजे अंगहीन, हा अर्थ संस्कृत कोशांत आहेच. परंतु अमरकोश या जुन्या संस्कृत कोशाने दिलेला अर्थ पाहा: ‘अपाङ्गौ नेत्रयोरन्तौ’, म्हणजे डोळ्यांचे कोपरे. कटाक्ष टाकला जातो तो तिथूनच. हे दोन अर्थ एकाच शब्दात योगायोगाने नांदत असतील, असे मला मुळीच वाटत नाही. ज्याच्याकडे समाज सरळ न पाहता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो, तो अपांग, असे माझे मत आहे; व्याकरणाचे पंडित ते मानणार नाहीत, पण त्यांनी एकदा आमच्या बाजारात उभे राहून पाहावे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाई कोकमाचे आगळ घ्यायला येतात, पैशांची पिशवी त्यांच्याच मांडीवर असते, आणि दुकानदार त्यांच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या भाच्याला विचारतो, “काकींका काय होया?” शब्द आदराचा आहे, अनेकवचन बिनचूक आहे, फक्त नजर अपांगातून गेलेली आहे. म्हणून ‘अपंग’ या शब्दात शिवी नाही, असे माझे भगिनींना उत्तर आहे. ‘ए अपंग’ अशी हाक मारणे किंवा माणसाऐवजी त्याच्या सोबत्याशी बोलणे यात मात्र ती आहे.

ज्या शब्दप्रयोगाने मी खरोखर वैतागलो आहे, तो याहून वाईट आहे. दृष्टिहीन गृहस्थ दिसले की “या सूरदास!” म्हणायचे आणि वर आपण संतकवीचे नाव दिले असा दावा करायचा. कौटिल्याला ही लबाडी चांगली ठाऊक होती. ‘अर्थशास्त्रा’तील वाक्पारुष्याच्या, म्हणजे कठोर व अपमानकारक बोलण्याच्या, प्रकरणात तो म्हणतो की, एकाक्ष किंवा लंगड्या माणसाला तसे म्हणून हिणवले, तर ते खरे असूनही तीन पण दंड (‘पण’ म्हणजे त्या काळचे नाणे). खोटेच तसे म्हटले, तर सहा पण. आणि ‘काय सुंदर डोळे आहेत!’ अशी स्तुतीच्या मिषाने निंदा केली, तर बारा पण. खऱ्या बोलण्याच्या चौपट दंड त्याने खोट्या गौरवाला ठेवला आहे. मनुस्मृतीतही ‘तथ्येनापि ब्रुवन्’, म्हणजे खरे बोलत असला तरी, दंड सांगितलेला आहे. आजच्या, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील ९२ व्या कलमानुसार अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्याला किमान सहा महिन्यांची कैद होऊ शकते. त्यात स्तुतिनिंदेचा वेगळा उल्लेख नाही, ही उणीव मला जाणवते.

‘सूरदास’ म्हणणारेच बहुधा त्या गृहस्थांची पांढरी काठी किंवा मनगट धरून त्यांना एसटीच्या दाराकडे ओढतात. आधी आपले नाव सांगावे, मदत हवी काय ते विचारावे, हवी असल्यास आपले कोपर पुढे करून त्यांना ते धरू द्यावे, आणि निघताना ‘मी जातो’ असे बोलून जावे, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतात. नाव ठाऊक असेल तर नावाने हाक मारावी. ठाऊक नसेल, तर वयाने वडील असलेल्या कोणालाही आपण मालवणीत ‘काकानू’ म्हणतो, तेच त्यांनाही म्हणावे.