सहा महिन्यांची फी एकरकमी भरावी का?

प्रश्न: मुलगा ३१ वर्षांचा, दारूचं व्यसन. निवासी केंद्र सहा महिन्यांची फी आगाऊ मागतंय. एकरकमी भरली तर १० टक्के सवलत. निवृत्तीच्या ठेवी मोडू, की घर तारण ठेवू?

उत्तर: दोन्ही नको. मुलाला दाखल जरूर करा, पण फी महिन्याच्या महिन्याला भरा.

आधी सवलतीचा हिशोब. १८० दिवसांवर १० टक्के म्हणजे १८ दिवसांची फी. परतावा मिळणार नसेल, तर मुदत संपण्याच्या अठरा दिवसांहून आधी तो बाहेर पडला की तुम्ही तोट्यात. आणि तिसऱ्या आठवड्यात, अंगात जरा ताकद आली की, 'मी आता ठीक आहे' म्हणून बॅग भरणारे कमी नसतात. न राहिलेल्या दिवसांचे पैसे किती मुदतीत परत मिळतील, हे करारात लिहून घ्या. औषधं, रक्ततपासण्या आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट फीमध्ये धरली आहे का, तेही विचारा. बिल फुगतं ते इथेच.

पहिल्या आठवड्यात मात्र हात आखडू नका. दारू थांबल्यावर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो, आणि भ्रम होण्याची गंभीर अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. ती जिवावरही बेतू शकते. रात्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स हजर असते का आणि रुग्णालयात हलवावं लागलं तर खर्च कोणाचा, यावर मोघम उत्तर देणारं केंद्र फुकट मिळालं तरी नको.

उपचारासाठी शंभर बाजूला काढलेत, तर निवासावर ४५ पेक्षा जास्त घालू नका. ३५ पुढच्या दीड वर्षासाठी: समुपदेशन आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, शिवाय डॉक्टरांची भेट आणि औषधं. दारूची ओढ कमी करणारं नालट्रेक्सोन असो की दारू प्यायल्यास त्रास घडवणारं डायसल्फिरम, यकृताच्या तपासण्यांचा खर्च धरा. डायसल्फिरम त्याच्या नकळत जेवणात कधीही मिसळू नका. त्यावर दारू प्यायल्यास जिवाला धोका होतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तसं होऊ शकतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या सभांना फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, तुम्ही दोघंही जा.

उरलेले २० लगेच काढता येतील अशा खात्यात ठेवा. पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज ४० ते ६० टक्के सांगते. दुसऱ्यांदा दाखल करायची वेळ आली, तर हेच पैसे कामी येतील.

घर तारण ठेवलं तर त्याची कमाई थांबलेली असतानाच हप्ता सुरू होईल. आधी आरोग्यविम्यात व्यसनोपचार वगळलेले आहेत का पाहा, मंजुरी लेखी घ्या. तरीही कमी पडलं, तर ठेव मोडण्याचा दंड आणि ठेवीवरच्या कर्जाचं व्याज ताडून पाहा. थोड्या महिन्यांसाठी बहुधा कर्ज स्वस्त पडतं.

तो परतल्यावर, त्याच्या संमतीने, पगार संयुक्त खात्यात जाऊ द्या आणि क्रेडिट कार्ड बंद करा. जुनी देणी फेडायची तर रक्कम थेट सावकाराला द्या, पावती घ्या. सगळी एकदम फेडू नका. त्याच्या पगारातूनही थोडी जाऊ द्या.