डिजिटल शनी काढला, लोक म्हणतात खोटा वाटतो. काय सुधारू?

भाऊ, बहुतेक वेळा घोळ उजेडाचा असतो. सूर्य कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरव आणि मग सगळ्या सावल्या त्याच हिशोबाने, म्हणजे गोळ्याची सावली मागच्या कड्यांवर अन् कड्यांची बारीक सावली गोळ्यावर, मल्टिप्लाय लेयरवर (चित्राच्या अ‍ॅपमधला खालचे रंग गडद करणारा थर) पाच मिनिटात होते. कड्यांमधली काळी कॅसिनी फटपण दाखव, साधारण ४,८०० किमी रुंद आहे ती.

माझंच सांगतो, नागपुरात रमण सायन्स सेंटरचं तारांगण पाहून आलो अन् जोशात चंद्रकोर काढली, तिच्या काळ्या भागात मस्त चांदण्या टाकल्या! एकाने विचारलं, चंद्राला भोक आहे का बे? जाम राग आला, पण बरोबर होतं त्याचं, चंद्र तिथे आहेच, फक्त ऊन नाही. चांदण्या पुसल्या, पृथ्वीवरून परतणारा हलका निळसर उजेड दिला, चित्र एकदम बसलं.

नुसतं 'मजा नाही आली' म्हणणाऱ्याला नेमकं कुठे खटकलं ते विचार, सांगितलं तर ठीक, नाही तर सोड. आणि तेजोमेघाच्या (अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगाच्या) रंगांवरून कोणी भांडलं तर टेन्शन नको घेऊ, हबल अंतराळ दुर्बिणीच्या फोटोंतही रंग नंतरच भरतात.