कूलर चालतो, पण वारा लागत नाही

प्रश्न : आमच्या 12 बाय 14 फुटांच्या खोलीच्या खिडकीला 18 इंची पंख्याचा लोखंडी कूलर बसवलेला आहे. त्यात बोअरचे पाणी भरतो. गेल्या उन्हाळ्यापर्यंत वारा पलंगापर्यंत येत असे. यंदा नव्या, जाड ताट्या (कूलरच्या बाजूंना बसवायच्या गवताच्या चौकटी) भरून घेतल्या, तरी वारा दोन-तीन हातांच्या पुढे जात नाही. बाहेरची झळ येऊ नये म्हणून आम्ही दारे बंद ठेवतो. मिस्त्री मोठी मोटर बसवण्याचा सल्ला देतात. तो मानावा का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : मोटर बदलण्याची घाई करू नये. आपल्या पत्रातच दोन संशयित दिसतात, आणि त्यांपैकी बंद दार हा पहिला आहे. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तेवढीच हवा खोलीबाहेर गेली नाही, तर आतला दाब वाढून पंख्याची हवा अडते, शिवाय दमटपणा साचून घाम वाळेनासा होतो. एसीची सवय झालेल्या घरांत ही चूक हमखास आढळते. हवा बाहेर जाण्याची वाट निदान पंख्याच्या तोंडाएवढी, शक्यतो त्याच्या दुप्पट असावी. 18 इंची तोंडाचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस फूट भरते, तर साडेसहा फुटी दार सहा इंच उघडे ठेवले तरी सव्वातीन चौरस फुटांची वाट मिळते. कूलरच्या समोरचे दार उघडावे, म्हणजे वारा पलंगावरून जाईल. झळेची भीती बाळगू नये. कूलर जोरात चालू असताना त्या फटीतून हवा बाहेरच जाते.

दुसरा संशय ताट्यांवर आहे. गवत दाबून भरले की पाणी अधिक धरले जाते हे खरे, पण हवेला जायला जागा उरत नाही. दाट भरलेल्या वाळ्याच्या ताट्यांचेही तेच होते. सुगंध मिळतो आणि वारा कमी होतो. त्यात बोअरच्या पाण्यातील क्षार बसू लागले की महिन्या-दीड महिन्यात पांढरा थर धरतो. ताटी उजेडासमोर धरल्यावर सर्वत्र बारीक कवडसे दिसले पाहिजेत. गवताची ताटी क्षाराने कडक झाली असेल, तर ती घासत बसू नये, बदलावी. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकल्यास क्षार कमी साचतात आणि डासांच्या अळ्याही होत नाहीत. पंप फार जोरात सोडल्यानेही ताटीतील फटी पाण्याने भरून हवा अडते. ताटी सर्वत्र ओली राहील एवढीच धार पुरते.

दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी ओळखता येते. प्रथम दार उघडून पाहावे. वारा वाढला नाही, तर प्लग काढून मागची ताटी उतरवावी, पंप बंद ठेवून मुलांना दूर करावे आणि कूलरला हात न लावता केवळ पंखा चालू करावा. वारा एकदम वाढला, तर दोष ताट्यांचा समजावा. लोखंडी कूलर आणि पाणी यांचा मेळ धोक्याचा असल्याने अर्थिंग तपासलेले असावे, आणि पाणी भरतानाही प्लग काढलेला असावा.

दोन्ही वेळा फरक पडला नाही, तरच पंख्याकडे वळावे. पात्यांवर मातीचा थर बसला आहे का, प्लग काढून हाताने फिरवल्यास पंखा जड फिरतो का, हे पाहावे. कपॅसिटर (मोटरला फिरू लागण्यासाठी जोर देणारा छोटा भाग) कमजोर झाला की मोटर गुणगुणते, पण वेग घेत नाही; नवा कपॅसिटर मोटरवर छापलेल्या मापाचाच घ्यावा आणि तो जाणकाराकडूनच बदलून घ्यावा. केवळ संध्याकाळीच वारा मंदावत असेल, तर व्होल्टेज मोजून घ्यावे, कारण अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230चे 190 झाले की जोर दोनतृतीयांशांवर येतो.

मोठ्या मोटरविषयी सांगायचे, तर चोंदलेल्या ताट्यांवर ती बसवल्यास हवा उरलेल्या मोजक्या फटींतूनच वेगाने ओढली जाते, सोबत पाण्याचे थेंब येऊन अंथरूण ओले होते आणि विजेचे बिलही वाढते. आपल्या बाबतीत दार उघडणे आणि ताट्यांतील गवत मोकळे करून घेणे एवढे आधी करावे. मोटरचा खर्च बहुधा करावा लागणार नाही.