सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो, किलिमांजारो पाच दिवसांत होईल का?

दर शनिवार-रविवार किल्ल्यांवर असता, के टू एस (कात्रज ते सिंहगड) सहज करता, म्हणून किलिमांजारो मारंगूच्या वाटेने पाच दिवसांत जमेल का आणि बूट कोणते घेऊ, असं विचारलंय. जमेलही. पण करू नका.

दमसास वेगळा आणि उंची वेगळी, हे आपल्या ट्रेकर मंडळींना किती वेळा सांगायचं? कळसूबाई १६४६ मीटर. मारंगू गेट, म्हणजे त्या वाटेची सुरुवातच, साधारण १८६० मीटरवर. म्हणजे तुमचा सगळा सराव जिथे संपतो, त्याच्याही वर तिथे नुसती नावनोंदणी होते.

आता हिशेब बघा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये. मारंगूवर रात्रीचे मुक्काम मांदारा २७२०, होरोम्बो ३७२० आणि किबो ४७२० मीटरवर. लागोपाठ दोनदा हजार-हजार! किबोच्या मुक्कामी दुपारी पोचायचं, जेवण घशाखाली उतरत नाही, आणि रात्री अकराला उठवतात. ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेवरच्या गिलमन्स पॉइंटपर्यंत (५६८५) घसाऱ्यावरून नागमोडी चढ. बरेच जण तिथूनच परत फिरतात, कारण त्या कडेकडेने उहुरू हे शिखर (५८९५) आणखी दीड-दोन तास असतं. आणि यात अडकतात बहुतेक तगडे गडी. पहिल्या दोन दिवसांत ते सगळ्यांच्या पुढे पळालेले असतात. गाइड 'पोले पोले' म्हणतो, म्हणजे सावकाश, ते गंमत म्हणून नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, तोच वेग.

पाच दिवसांत वाचतात ते पैसे. तेवढ्यासाठी शिखर सोडायचं? मारंगूच हवं असेल तर होरोम्बोला एक जादा रात्र घ्या. त्यापेक्षा दुसऱ्या वाटा, मचामे सात दिवस किंवा लेमोशो आठ दिवस, बऱ्या. तिथे लाव्हा टॉवरला ४६०० मीटरवर दुपार काढून बारांकोला ३९००च्या आसपास झोपायला उतरतात. शरीर सरावतं ते अशानेच.

शेवटच्या रात्री उणे दहा-पंधरा धरूनच चला. हायड्रेशन पॅकची नळी तासाभरात गोठते. घोट घेतल्यावर फुंकर मारून पाणी मागे ढकला, किंवा सरळ बाटली न्या, तीही उलटी ठेवून. बर्फ वरून धरतो, झाकणाचं तोंड मोकळं राहतं. हेडलॅम्पचे जादा सेल आतल्या खिशात.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घेणं म्हणजे फसवणूक, असं ग्रुपवर छातीठोक सांगणारे भेटतील. त्यांना चढू द्या. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी असेल तर नाही. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि गोळी घेतली तरी बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर त्याच क्षणी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

हां, बूट. सह्याद्रीतल्या कातळाला चालणारे पातळ बूट वर पाय गारठवतील. घोटा झाकणारे, जाड मोज्यांसकट अर्धा नंबर मोठे घ्या. शिखरावरून त्याच दिवशी होरोम्बोला उतरायचं असतं, जवळजवळ २२०० मीटर. बूट घट्ट असतील तर अंगठ्यांची नखं काळी पडतात. विमानात पायातच घाला, बॅग हरवली तर भाड्याने मापाचे मिळतीलच असं नाही.