पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबातल्या चार वर्षांच्या मुलीला आधार आणि जन्मदाखल्याविना नागपूरच्या जरीपटक्यात शाळा मिळेल का?

हो, मिळेल, पण मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून आता शाळेऐवजी जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं घेतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 सहा ते चौदा वयाच्या ‘प्रत्येक बालका’बद्दल बोलतो, नागरिकत्वाची अट घालत नाही. कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. या कायद्याच्या नियमांत जन्मदाखल्याऐवजी दवाखान्याची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं स्वयंघोषणापत्र चालतं, म्हणजे आज अंगणवाडीच्या रजिस्टरात चढलेलं नाव उद्या पहिलीच्या प्रवेशाला कामी येतं. दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर त्याची झेरॉक्सही जोडा. अशा व्हिसाधारकांच्या मुलांना शाळाप्रवेशासाठी राज्य सरकारची वेगळी परवानगी लागत नाही.

भाषेसाठीही अंगणवाडी फार मोलाची आहे. घरी सिंधी बोलणाऱ्या लेकराला पहिलीत एकदम मराठी आणि अक्षरं दोन्ही समोर आली की ते गप्प होतं. राज्यात 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा आत्ताच खेळता खेळता कानावर पडू द्या. मोठं भावंड असेल तर त्याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 खाली वयानुसार वर्ग मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही.

एक मात्र ध्यानात ठेवा: खासगी शाळेतल्या 25 टक्के मोफत जागांसाठी रहिवासी पुरावा वगैरे वेगळी कागदपत्रं लागतात. तिथे अडलं तर वर्ष वाया न घालवता महापालिकेच्या शाळेत प्रवेश घ्या.